कधीमधी लागणारी बॅटरीवाली ड्रिल मशीन: कोणती घ्यावी, कशासाठी घेऊ नये

उन्हाळा तोंडावर आला की घराघरांत हा प्रश्न निघतो. कूलरचं स्टँड, खिडकीची जाळी, पडद्याचा रॉड, दाराची सैल झालेली कडी अशी किरकोळ कामं निघतात आणि दीड-दोन हजारांची बॅटरीवाली ड्रिल मशीन घेऊन टाकावी असं वाटतं. माझं मत असं: लाकूड, प्लायवुड, पत्रा आणि स्क्रू यासाठी जरूर घ्या. पण मुख्य काम भिंतीचं असेल तर जवळपास तेवढ्याच पैशांत वायरवाली १३ एमएम इम्पॅक्ट ड्रिल येते, ती घ्या. वायरवाली मशीन चार वर्षं कपाटात पडून राहिली तरी बटण दाबलं की चालते. बॅटरी मात्र नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते. मशीन क्वचित लागते म्हणून स्वस्त बॅटरीवाली घ्यायची, हे गणित इथेच चुकतं.

खोक्यावरच्या आकड्यांना भुलू नका. बॅटरीच्या पॅकमधला लिथियमचा एक सेल पूर्ण चार्ज झाला की ४.२ व्होल्ट देतो, काम करताना साधारण ३.६. तीन सेल म्हणजे '१२ व्होल्ट', पाच सेल म्हणजे '२१ व्होल्ट'. दुसरी कंपनी त्याच पाच सेलना '१८ व्होल्ट' म्हणते, ताकदीत फरक नाही. '४८ व्हीएफ', '८८ व्हीएफ' हे नुसते छापलेले आकडे आहेत, आत बहुतेक पाचच सेल असतात. पाच सेलच्या स्वस्त पॅकमध्ये खरी क्षमता दीड ते दोन अँपिअर-अवर. त्यावर ४ लिहिलं असेल तर पॅक हातात तोलून बघा. तेवढ्या क्षमतेला सहसा दहा सेल लागतात आणि एका सेलचं वजन सुमारे ४५ ग्रॅम असतं, म्हणजे नुसते सेलच साडेचारशे ग्रॅम भरायला हवेत.

आता भिंत. निराशा पदरी पडते ती इथेच. स्वस्त मशीनमधला 'हॅमर' म्हणजे दोन दातेरी चकत्या. एकीचे दात दुसरीवरून घसरतात आणि बिट, म्हणजे छिद्र पाडणारी सळी, पुढेमागे थरथरतं. मागून तुम्ही जितका जोर द्याल तितकाच ठोका बसतो. रोटरी हॅमरमध्ये पिस्टन असतो, तो हवा दाबून ठोका स्वतःच मारतो. म्हणून भाजक्या विटेत स्वस्त मशीन ६ एमएमचं छिद्र व्यवस्थित पाडते, पण काँक्रीटमध्ये नुसती किंचाळते. पडद्याच्या रॉडचा घोळ यातूनच होतो. खिडकीच्या लगेच वर काँक्रीटचा लिंटेल असतो, साधारण सहा इंच उंच आणि दोन्ही बाजूंना भिंतीत तितकाच शिरलेला. ब्रॅकेट नेमकं त्यावर येतं. प्लास्टरमध्ये बिट अर्धा इंच सरसर जातं आणि मग थांबतं. तरीही जोर लावत राहिलात तर टोकाचा कार्बाइडचा तुकडा तापून सुटून येतो. जमलं तर ब्रॅकेट लिंटेलच्या वर न्या, नाहीतर एका दिवसापुरती रोटरी हॅमर भाड्याने आणा किंवा इलेक्ट्रिशियनला बोलवा. कॉलम, बीम आणि जुन्या घरांच्या जोत्याचा काळा दगड यांचंही तेच. बिट टणकन अडलं आणि भुकटी चकाकू लागली तर सळई लागली असं समजा आणि इंचभर सरकून दुसरं छिद्र पाडा.

विटेच्या भिंतीत ८ नंबरच्या स्क्रूला ६ एमएमचं बिट आणि किमान ३५ एमएमची गिट्टी (छिद्रात बसवायचा, स्क्रू धरणारा प्लग) घ्या. छोटी गिट्टी अर्धी प्लास्टरमध्येच राहते आणि वजन पडलं की खपलीसकट बाहेर येते. छिद्र गिट्टीपेक्षा ५ ते १० एमएम खोल हवं, त्यासाठी बिटाला तेवढ्या अंतरावर चिकटपट्टी गुंडाळा. आतली भुकटी फुंकून काढा, कारण ती राहिली तर गिट्टी पूर्ण बसत नाही. स्विच बोर्डाच्या सरळ वर आणि सरळ खाली कधीही छिद्र पाडू नका, वायरचे पाइप तिथूनच गेलेले असतात. टाइल असेल तर ती आरपार होईपर्यंत हॅमर बंद ठेवा. धाब्याच्या घरात मातीच्या भिंतीत गिट्टी धरतच नाही. तिथे सागाच्या तुळईला किंवा खांबाला फळी मारा आणि जे टांगायचं ते फळीवर टांगा.

कूलर स्टँडच्या लोखंडी अँगलला एचएसएस (हाय स्पीड स्टील) बिट लागतं, भिंतीचं बिट लोखंड कापत नाही. आधी पंचने खूण ठोका, नाहीतर बिट घसरतं. मग ३ एमएम, त्यानंतर ६ एमएम, तेलाचा थेंब टाकत. बिट निळं पडलं तर वेग जास्त आहे किंवा तेल कमी पडतंय. आरपार निघायच्या क्षणी बिट अडकतं आणि मनगटाला झटका बसतो, म्हणून शेवटी जोर कमी करा. अँगल हाताने धरू नका, शिकंजात आवळा.

लाकडात फार सांगण्यासारखं नाही. सागाला ८ नंबरच्या स्क्रूसाठी आधी ३ एमएमचं छिद्र, बाभळीला थोडं मोठं. नाहीतर कडेला फळी चिरते. स्क्रू कायम गिअर १ वरच पिळा. २ वर पिळला की मोटर अडून तापते आणि बॅटरी मध्येच बंद पडते. गिअर बदलायचा तो मशीन पूर्ण थांबल्यावरच.

खरेदी जमलं तर जळगाव, धुळे, भुसावळच्या हार्डवेअरच्या दुकानातून करा, म्हणजे मशीन चालवून बघता येते. चकमध्ये, म्हणजे बिट धरणाऱ्या जबड्यात, ६ एमएमचं बिट घालून सावकाश फिरवा. टोक डुलत असेल तर दुसरी मागा. बटण हळू दाबल्यावर वेग हळूहळू वाढला पाहिजे, सोडल्यावर चक लगेच थांबला पाहिजे. सुटी बॅटरी दुकानात मिळते का आणि वॉरंटीत बॅटरी धरली आहे का, हे दोन प्रश्न विचाराच. शंभर नगांच्या बिटांच्या पेटीचा मोह टाळा, त्यातली टोकं मऊ असतात. त्याऐवजी ६ एमएमची भिंतीची दोन, एचएसएसची ३, ४ आणि ६ एमएम आणि स्क्रू पिळायची चांगली पीएच-टू (फुलीची) टोकं दोन घ्या, घरगुती काम तेवढ्यात भागतं.

आपल्या खानदेशात बॅटरीला सगळ्यात मोठा धोका उन्हाचा आहे, वापराचा नव्हे. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, आणि बहुतेक लिथियम सेल ४५ अंशांपर्यंतच चार्ज करायचे असतात. दुपारी पत्र्याच्या खोलीत त्याहूनही जास्त तापतं. काम झाल्यावर पॅक अर्धा तास निवू द्या आणि चार्जिंग पहाटेच्या गारव्यात करा. सोबत येणारा पिनवाला चार्जर रात्रभर लावून ठेवू नका. ठेवताना बॅटरी मशीनमधून काढा, पूर्ण भरून नाही तर निम्मी ठेवा. माळ्यावर, शेडमध्ये किंवा गाडीच्या डिकीत नको, आतल्या खोलीत खालच्या कप्प्यात ठेवा आणि दर दोन-तीन महिन्यांनी थोडी चार्ज करा. सेल फारच रिकामा झाला की पॅक कधीकधी चार्जच घेत नाही. अशा वेळी ई-बाईकच्या बॅटऱ्या दुरुस्त करणाऱ्याकडे सेल बदलून मिळतात. पट्ट्या स्पॉट वेल्डिंगनेच लावायला सांगा, कारण सोल्डरिंगच्या उष्णतेने सेल बिघडतो. सेल बदलायचे तर पाचही नवे आणि एकाच क्षमतेचे घाला. एक जुना ठेवला तर तो आधी रिकामा होतो आणि अख्खा पॅक तिथेच थांबतो.