‘रोगी पिल्लं गळ्यात मारली’ या रिव्ह्यूला आमचं उत्तर

दादा, तुमचा रिव्ह्यू रात्री वाचला आणि सकाळी तुमच्या शेडवर आलो. तिथे बोलणं झालंच आहे. पण तुम्ही चारचौघांत विचारलंत, तर उत्तरही चारचौघांतच द्यायला हवं.

तुमचं म्हणणं असं: १५० ब्रॉयलर पिल्लं नेली, अठराव्या दिवसापर्यंत २२ लंगडली, ११ मेली, म्हणजे आम्ही रोगी माल दिला. आणि फोन केल्यावर दुकानातला मुलगा म्हणाला, ‘एवढी मर होतेच.’

फोनचं आधी सांगतो. ते उत्तर चुकीचं होतं. १५० मधली ११ जाणं म्हणजे ‘होतेच’ नव्हे. त्याच दिवशी आम्ही शेडवर यायला हवं होतं, माफी मागतो.

आता पिल्लांचं. काही रोग अंड्यातूनही येतात, म्हणून त्याच दिवशी त्याच लॉटची पिल्लं नेलेल्या तिघांना फोन केला. त्यांच्याकडे लंगडी पिल्लं नाहीत. तुमच्याकडचं एक पिल्लू हातात घेतलं तेव्हा त्याची चोच बोटाने दाबली, ती रबरासारखी वाकली. ते ढोपरांवर बसून पंखांच्या आधाराने सरकत होतं. मेलेलं एक तालुक्याच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात नेलं, डॉक्टरांनी कापून दाखवलं: बरगड्यांवर मण्यांसारख्या गाठी. हा मुडदूस आहे दादा, हाडं मऊ पडलीत.

प्रीस्टार्टर, म्हणजे सुरुवातीच्या दिवसांचं तयार खाद्य, आठव्या दिवशी संपलं आणि पुढे तुम्ही मक्याचा भरडा आणि तांदळाचा कोंडा घातलात. पोत्याचे भाव बघता कुणालाही तसं वाटेल, गावठी कोंबडी त्यावर निभावतेही. पण ब्रॉयलरचं पिल्लू ४०-४५ ग्रॅमचं येतं आणि पाच-सहा आठवड्यांत दोन किलोच्या घरात जातं. मांस धावतं, हाडं मागे राहतात. मक्यात कॅल्शियम जवळपास नसतंच, त्यातला बराचसा फॉस्फरस कोंबडीला पचत नाही, आणि डी-३ जीवनसत्त्व वरून द्यावंच लागतं. पिल्लं देताना ‘पुढे काय खायला घालणार?’ एवढं आम्ही विचारायला हवं होतं.

तीन पिल्लांचं मात्र वेगळं आहे. बेडकासारखे पाय फाकून पडलेली ती तीन, तुमच्या सांगण्याप्रमाणे चौथ्या दिवसापासूनच तशी आहेत. आमच्याच छापील चिठ्ठीत लिहिलंय, ‘तुसावर पेपर अंथरा.’ पिल्लांनी तूस खाऊ नये म्हणून पहिले एक-दोन दिवस ते ठीक असतं. पण कागद खडबडीत हवा, ओला झाला की बदलायचा, आणि दोन दिवसांनी काढून टाकायचा, हे चिठ्ठीत नाही. तुम्ही गुळगुळीत रंगीत पुरवणी घातली, ती सहाव्या दिवसापर्यंत होती. त्यावर पाय घसरतात आणि पिल्लू पाय फाकूनच बसतं. पहिल्या दोन दिवसांत पायांना पट्टी बांधून सुधारता येतं, आता नाही. या तिघांचा दोष आमच्या चिठ्ठीचा. त्यांचे पैसे परत देतोय, आणि चिठ्ठी नव्याने छापायला टाकली आहे.

बाकीच्या पिल्लांचे पैसे देणार नाही, कारण ती आमच्याकडून रोगी आली नव्हती. पण स्टार्टरचं, म्हणजे प्रीस्टार्टरनंतरच्या तयार खाद्याचं, एक पोतं आणि डॉक्टरांनी लिहून दिलेलं डी-३ चं औषध आमच्याकडून.

एक कळकळीची विनंती: शेजाऱ्यांनी सांगितलंय म्हणून अंड्याच्या कोंबड्यांचं खाद्य घालू नका. त्यात कॅल्शियम साडेतीन-चार टक्के असतं, पिल्लाला टक्काभर पुरतं, जास्तीचं मूत्रपिंडावर जातं. मेडिकलमधून आणलेलं अँटिबायोटिकही मुडदुसावर चालत नाही. ते पाच दिवस दिलंत, तर किती दिवस पक्षी विकायचे नाहीत ते डॉक्टरांना विचारूनच गिऱ्हाईक बघा.

जी अजून उठून उभी राहतात ती सुधारतील असं डॉक्टर म्हणालेत. त्यांना आजच जाळी लावून वेगळं करा, ड्रिंकर (पाण्याचं भांडं) आणि खाद्याचं भांडं बसल्या जागी चोच पोहोचेल इतकं खाली घ्या. ड्रिंकरच्या आजूबाजूचं ओलं तूस काढून कोरडं टाका, तिथे अमोनियाचा वास डोळ्यांना झोंबत होता. पोतं उद्या सकाळी टेम्पोने येईल, सोबत मीही येतो.