कोपरा साफ झाला, सुया कुठे गेल्या?

सकाळपासून आमच्या भागातल्या तीन ग्रुपांवर एकच फोटो फिरतोय. रुळांलगतच्या मुतारीमागचा कोपरा, तिथे आता निळा पत्रा ठोकलाय, समोर हसरे चेहरे आणि वर मथळा: 'गर्दुल्लामुक्त परिसर'. खाली टाळ्याच टाळ्या. तिथे सुईने नशा करणारी ती दहा-बारा माणसं गेली कुठे, हे एकानेही विचारलं नाही.

नाल्यापलीकडे पुलाखाली गेली. तिथे भर दुपारीसुद्धा अंधार असतो.

त्या कोपऱ्यात काय होतं ते नीट सांगायला हवं. वर एक ट्यूबलाइट होती. पाच पावलांवर नळ. एचआयव्ही पसरू नये म्हणून काम करणाऱ्या संस्थेचा कार्यकर्ता रोज सकाळी यायचा, बहुतेकदा स्वतः या नशेतून बाहेर पडलेला. नव्या सुया-सिरिंज आणि स्पिरिटचे स्वॅब द्यायचा, वापरलेल्या सुया जाड प्लास्टिकच्या डब्यात मोजून परत घ्यायचा. दिल्या किती, आल्या किती, वहीत आकडा. कोणाच्या हाताला गळू झालंय, कोण खोकतोय, कोणाची एचआयव्ही तपासणी राहिलीय, हे त्याला तोंडपाठ असायचं. ग्रुपवाल्यांच्या भाषेत हा 'अड्डा'.

आता पुलाखाली काय होतं ते बघा. शेवटच्या डोसनंतर सहा ते बारा तासांत टर्की, म्हणजे नशा न मिळाल्याचा त्रास, लागायला सुरुवात होते. नाक गळतं, पोटात मुरडा येतो, हाडं पिळवटतात. अशा अवस्थेतल्या माणसाला वर कोणाचे तरी बूट वाजताना ऐकू येतात. त्याला घाई असते. अंधारात शीर सापडत नाही, हात थरथरतो, म्हणून तो दुसऱ्याला टोचायला सांगतो आणि टोचणारा ओळीने तिघांना त्याच सिरिंजने टोचतो. पैसे चौघांनी मिळून काढलेले, त्यामुळे माल एकाच झाकणात विरघळवलेला, पाणी तेच, गाळायचा कापूस तोच. प्रत्येकाची सुई वेगळी असली तरी या वाट्यातून हेपेटायटिस सी पसरू शकतो, एचआयव्हीसुद्धा.

त्यात शीर लागली का हे बघायला दट्ट्या मागे ओढतात, म्हणजे रक्त आत येतं. ज्या सिरिंजची सुई काढता-घालता येते, तिच्यात दट्ट्या पूर्ण दाबला तरी सुईच्या बुडाशी थोडं रक्त उरतंच. इन्सुलिनच्या सिरिंजसारखी सुई पक्की बसवलेली असेल तर फारच कमी उरतं. सिरिंजमधल्या रक्तात एचआयव्हीचा विषाणू प्रयोगशाळेत 42 दिवसांपर्यंत जिवंत सापडलाय. उकाड्यात तो लवकर मरतो, पण पुलाखाली पुढचा माणूस दोन मिनिटांत हात पुढे करतो. नाल्याजवळच्या डबक्यात सिरिंज खळबळून घेतली की ती शुद्ध होत नाही, उलट गळवं वाढतात.

मग हे लोक स्वतःची सुई जवळ का ठेवत नाहीत? कारण खिशात सुई सापडली की तोच पुरावा ठरतो. म्हणून ती भिंतीच्या फटीत, दगडाखाली लपवतात आणि जो आधी येईल तो वापरतो. खरं तर एचआयव्हीविषयीच्या 2017 च्या कायद्यातलं कलम 22 स्पष्ट आहे: धोका कमी करण्यासाठी स्वच्छ सुया देणं आणि वापरणं हा गुन्हा नाही. चौकीत हे कलम माहीत असलेला माणूस सापडला तर नशीब.

हे आजचं नाही. स्कॉटलंडमध्ये 1980 च्या दशकाच्या सुरुवातीला एडिनबर्गमध्ये पोलीस सिरिंज जप्त करत होते आणि दुकानदार विकायला तयार नव्हते. लोक बंद खोल्यांत जमून एकेक सिरिंज फिरवायला लागले. तिथल्या एका दवाखान्यात सुईने नशा करणाऱ्यांचं रक्त तपासलं तर निम्मे एचआयव्हीबाधित निघाले. जवळच्याच ग्लासगोत नशा तीच, हवा तीच, पण बाधितांचं प्रमाण कितीतरी कमी. शेवटी एडिनबर्गने सुया वाटायला सुरुवात केली. आपण मात्र आज पत्रा ठोकून टाळ्या वाजवतोय. आपल्या देशात प्रौढांमध्ये एचआयव्हीचं प्रमाण 0.2 टक्क्यांच्या आसपास आहे. सुईने नशा करणाऱ्यांमध्ये 2021 च्या सरकारी पाहणीत ते सुमारे 9 टक्के होतं. आणि या माणसांना बायका आहेत, मुलं आहेत.

हो, त्या कोपऱ्यामागे पोरं क्रिकेट खेळायची आणि तिथे कधी कधी सुई पडलेली असायची. मान्य. पण वहीत परत आलेल्या सुयांचा आकडा होता. पुलाखाली ना डबा आहे, ना वही.

ज्यांनी टाळ्या वाजवल्या त्यांच्यावर आता तितका राग उरला नाही. भीती वाटते माणसाला, मुलाबाळांची काळजी असते. फक्त 'गर्दुल्ला' म्हटल्यावर समोरचा माणूस दिसेनासा होतो, त्याचं वाईट वाटतं. त्या कोपऱ्यातल्यांपैकी दोघं जिभेखाली विरघळणारी ब्युप्रेनॉर्फिनची गोळी रोज उपचार केंद्रात जाऊन, नर्ससमोर घ्यायला लागले होते. गोळी चालू असली की टर्की लागत नाही, सुईची गरज उरत नाही, माणूस कामावर जाऊ शकतो. पण नाक्यावर मजुरीला सातला उभं राहावं लागतं आणि केंद्र उघडतं दहाला. ही ओढाताण ते कशीबशी सांभाळत होते. आता केंद्राकडे जायच्या वाटेवरच पहारा बसलाय. चार दिवस गोळी चुकली की माणूस पुन्हा सुईकडे वळतो.

पुलाजवळून जाणाऱ्यांसाठी: सुई दिसली तर हाताने उचलू नका, टोपण बसवू नका. चिमट्याने धरून जाड प्लास्टिकच्या बरणीत टाका, बरणी जवळच्या सरकारी दवाखान्यात द्या. टोचलीच तर जखम दाबू नका, चोखू नका, वाहत्या पाण्यात साबणाने धुवा आणि तडक सरकारी रुग्णालयात जा. एचआयव्हीचं प्रतिबंधक औषध दोन तासांत सुरू झालं तर उत्तम, 72 तासांनंतर उपयोग नाही. ते 28 दिवस घ्यावं लागतं. धनुर्वात आणि हेपेटायटिस बीच्या लशीबद्दलही विचारा. काही शंका असेल तर एड्स हेल्पलाइनच्या 1097 वर फोन करा, पैसे लागत नाहीत.

आणि ग्रुपच्या ॲडमिनना विनंती, उद्याच्या बैठकीत एवढं मांडा: पत्रा काढा, ट्यूबलाइट लावा, कार्यकर्त्याला रोज सकाळी अर्धा तास त्या कोपऱ्यात उभं राहू द्या. डबा संस्था देईल.