वर फेकलेलं खाली कुणी आणायचं?

२ एप्रिल २०२२, गुढीपाडव्याची संध्याकाळ. मी चेंबूरच्या घरात श्रीखंडाची पातेली घासत होते आणि चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाहीहून मामीचा फोन आला. आवाज कापत होता. "अगं, आभाळातून काहीतरी जळत गेलं. लाडबोरीत भलंमोठं कडं पडलंय म्हणतात." धातूचं ते कडं जवळजवळ ३ मीटर व्यासाचं होतं. मोकळ्या जागेत पडलं म्हणून कुणाला लागलं नाही. चीनच्या लाँग मार्च रॉकेटचा तो भाग असावा, असं तज्ज्ञांनी पुढे सांगितलं. तेव्हापासून अवकाशातल्या कचऱ्याचा विषय माझ्या डोक्यातून जात नाही.

पृथ्वीभोवती १ सेंटिमीटरहून मोठे, या कचऱ्याचे दहा लाखांवर तुकडे फिरत असावेत, असा युरोपीय अवकाश संस्थेचा अंदाज आहे. वेग सेकंदाला साधारण साडेसात किलोमीटर. म्हणजे मुंबईहून पुणे पंधरा-सोळा सेकंदांत! या वेगाने आलेला सुपारीएवढा तुकडासुद्धा चालता उपग्रह बंद पाडतो.

"एवढं मोठं आकाश, कशाला धडकतंय?" असं मला बरेच जण म्हणतात. धडकलंय. १० फेब्रुवारी २००९ ला सैबेरियावर, सुमारे ७९० किलोमीटर उंचीवर, इरिडियम या अमेरिकी कंपनीचा चालू उपग्रह आणि रशियाचा मेलेला कॉसमॉस उपग्रह एकमेकांवर आदळले. हजारो तुकडे झाले. तितक्या उंचीवर हवा इतकी विरळ असते की कचरा आपोआप खाली यायला कित्येक दशकं जातात. तिथे जाऊनच तो आणावा लागणार.

आणि ते जमायला लागलंय. जपानच्या अ‍ॅस्ट्रोस्केल कंपनीचं अ‍ॅड्रास-जे हे यान २०२४ मध्ये २००९ सालच्या एका जपानी रॉकेटच्या, कक्षेत उरलेल्या टप्प्यापासून (म्हणजे रॉकेटच्या एका भागापासून) १५ मीटरवर जाऊन आलं. ११ मीटर लांब, ३ टन वजनाचं ते मुकं धूड. ते ना संदेश देतं, ना त्याला धरायला कडी आहे. त्याचे जवळून काढलेले फोटो मी कितीतरी वेळ बघत बसले होते.

अडचण मालकीचीही आहे. आमच्या गल्लीत एक बेवारस गाडी वर्षभर पडून होती. चाकं बसलेली, काचेवर बोटभर धूळ, खाली मांजरीची पिल्लं. पण मालक सापडेना, म्हणून कुणी हात लावेना. वर मालक बहुतेक वेळा ठाऊक असतो, तरी १९६७ च्या अवकाश करारानुसार वस्तू मेली तरी तिच्यावर अधिकार त्या देशाचाच. म्हणून माझं म्हणणं एवढंच, की ज्याने त्याने आपापलं आधी उचलावं.

यात आपणही आलोच. २००१ मध्ये पीएसएलव्ही-सी३ या आपल्या रॉकेटचा शेवटचा टप्पा कक्षेत फुटला आणि तीनशेहून जास्त तुकडे झाले. पुढे आपण खूप सुधारलो, आणि त्याचा मला अभिमान आहे. २००७ चा कार्टोसॅट-२ हा उपग्रह इस्रोने उरलेलं इंधन वापरून खाली आणला, नाहीतर तो आणखी तीसेक वर्षं फिरत राहिला असता. २०३० पर्यंत नव्या मोहिमांचा कचरा वर ठेवायचा नाही, असंही इस्रोने ठरवलंय.

पण जुन्याचं काय? जानेवारी २०२५ मध्ये इस्रोच्या स्पेडेक्स मोहिमेतली दोन यानं आपण कक्षेत जोडून दाखवली. ती दोन्ही एकमेकांना साथ देणारी होती. गटांगळ्या खाणारा मेलेला टप्पा पकडणं याहून फार कठीण, हे मान्य. तरीही आपलाच एखादा जुना टप्पा निवडावा, मोहीम जाहीर करावी आणि तो खाली आणावा. खर्च येईल. माझ्या कराचे पैसे त्यात गेले तर मला आनंदच होईल.