दोन्ही घरचा पाहुणा

गेल्या रविवारी लेकीच्या मैत्रिणी घरी जमल्या होत्या. हॉलमध्ये के-पॉपच्या गप्पा रंगल्या होत्या आणि मी आत पोहे परतत होते. कोणीतरी जे पार्क या कोरियन-अमेरिकन गायकाचं नाव काढलं. त्यावर एक म्हणाली, "तो सोजूवाला ना?" मी गॅस बंद करून बाहेर आले.

या मुली पंधरा-सोळा वर्षांच्या. अंगभर टॅटू, सोजू या कोरियन दारूचा स्वतःचा ब्रँड, नव्या मुलांना संधी देणारा बडा माणूस, एवढीच त्यांना त्याची ओळख. २००९ च्या सप्टेंबरमध्ये त्याच्यावर काय बेतलं होतं, ते एकीलाही ठाऊक नव्हतं. पोहे गार झाले, पण मी त्यांना सगळं सांगितलं. इथेही लिहिते, कारण इतकी वर्षं झाली तरी ती गोष्ट माझ्या मनातून गेलेली नाही.

अमेरिकेत वॉशिंग्टन राज्यात, सिॲटलच्या उत्तरेला, समुद्राकाठी एडमंड्स नावाचं गाव आहे. पार्क जे-बॉमचा, म्हणजेच या जे पार्कचा, जन्म तिथला, २५ एप्रिल १९८७ चा. आईवडील कोरियन, पोरगा वाढला अमेरिकन. त्याला वेड होतं ब्रेकडान्सचं. मित्रांचा ग्रुप होता, 'आर्ट ऑफ मूव्हमेंट' नावाचा, थोडक्यात एओएम. हे नाव लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे. सोलच्या जेवायपी या संगीत कंपनीची ऑडिशन सिॲटलमध्ये होती, तिथे त्याला जायला लावलं आईने. निवड झाली आणि २००५ च्या सुरुवातीला, अठरा पूर्ण व्हायच्या आत, तो एकटा सोलला गेला. कोरियन धड येत नव्हती.

धड येत नव्हती म्हणजे काय, हे जरा नीट सांगते, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. आपल्याकडे तू, तुम्ही आणि फार तर आपण, एवढ्यावर भागतं. कोरियनमध्ये समोरचा माणूस वयाने, मानाने कोण आहे त्यावर क्रियापदाचं शेपूटच बदलतं. एका वर्षाने मोठा असला तरी त्याच्याशी बोलण्याची रीत वेगळी. परदेशात वाढलेल्या मुलाला कोरियन येते ती घरात कानावर पडलेली, म्हणजे आई लेकराशी बोलते ती. ती लाडाची, एकेरी भाषा. तीच घेऊन मुलगा सोलला उतरतो आणि मोठ्या माणसांशी बोलायला तोंड उघडतो, तर ऐकणाऱ्याला वाटतं, काय उद्धट कार्टं आहे! त्याला बिचाऱ्याला कळतही नाही आपलं काय चुकलं. आईकडून मिळालेली भाषाच त्याच्या अंगावर उलटते.

त्यात ट्रेनी म्हणून राहायचं. सकाळपासून रात्रीपर्यंत नाच, गाणं, भाषा. ठरावीक दिवसांनी परीक्षकांसमोर उभं राहायचं, नापास झालात तर घरी. गाण्याची संधी कधी मिळेल, मिळेल की नाही, याची हमी कोणी देत नाही. जे-बॉमने अशी तीन वर्षांहून जास्त काढली.

त्या पहिल्या वर्षात त्याने मायस्पेसवर सिॲटलच्या एका मित्राच्या पानावर काही ओळी लिहिल्या. फेसबुकच्या आधी सगळे जिथे असायचे, ते मायस्पेस. लिहिलं काय, तर कोरिया बेकार आहे, मला कोरियन माणसं आवडत नाहीत, मला परत यायचंय. 'बेकार' म्हणायला त्याने जो शब्द वापरला तो समलिंगी माणसांना उद्देशून असलेला, तेव्हाच्या अमेरिकन पोरांच्या तोंडी शिवीसारखा रुळलेला. तो शब्द तसा वापरणं चूकच, त्याचं समर्थन मी करणार नाही. पण त्या ओळी पुन्हा वाचा. त्यातलं शेवटचं वाक्य 'मला परत यायचंय' हे आहे. मी जेव्हा जेव्हा वाचते तेव्हा मला तेवढंच ऐकू येतं.

पुढची गोष्ट माझ्या घरातली आहे. माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा न्यू जर्सीत वाढला. तेरा वर्षांचा असताना घरातल्या एका मुंजीला तो इथे आला होता. जेवणं झाल्यावर मोठी मंडळी पानं लावत बसली होती, त्याला मध्ये बसवलं आणि कोणीतरी म्हणालं, "मराठी येतं ना रे? मग म्हण बघू, काळे राळे गोरे राळे, राळ्यात राळे मिसळले." त्याने प्रयत्न केला. 'ळ' काही जमेना, सगळीकडे 'ल' यायचा. हसून हसून लोकांच्या डोळ्यांत पाणी आलं. पुन्हा म्हणायला लावलं. मग तिसऱ्यांदा. हसणाऱ्यांत मीही होते. थोड्या वेळाने आतल्या खोलीतून त्याचा आवाज आला. आईला इंग्रजीत सांगत होता, मला इथे राहायचं नाही, मला ही माणसं आवडत नाहीत. मी दाराशी पानाचं तबक घेऊन उभी. माझ्या मनात आधी काय आलं असेल? राग. आमच्याच घरात येऊन आम्हालाच नावं ठेवतो? त्या रागातून बाहेर यायला मला अख्खी रात्र लागली.

आता कल्पना करा, कोणीतरी त्याचं ते एक वाक्य उचलून सगळ्या भाऊबंदांच्या ग्रुपवर टाकलं असतं. राळ्यांचं काही न सांगता. चार वर्षांनी.

जे-बॉमचं हेच झालं, फक्त त्या ग्रुपवर एक अख्खा देश होता.

२००८ च्या सप्टेंबरमध्ये टूपीएम, म्हणजे दुपारचे दोन, या नावाचा सात जणांचा ग्रुप आला आणि जे-बॉम त्याचा लीडर होता. २००९ च्या वसंतात त्यांचं गाणं पहिल्या क्रमांकावर गेलं. कोरियात तेव्हा गोड, गुळगुळीत मुलांचे ग्रुप पुष्कळ होते. टूपीएमची मुलं स्टेजवर कोलांट्या मारायची, एकमेकांच्या खांद्यावरून उड्या घ्यायची. त्या अंगाच्या मस्तीत सिॲटलच्या त्या ब्रेकडान्सरचा वाटा मोठा होता. आणि मग सप्टेंबरच्या पहिल्या आठवड्यात मायस्पेसच्या त्या जुन्या ओळी कोणीतरी शोधून काढल्या. वर्तमानपत्रं, टीव्ही, इंटरनेट, सगळीकडे तेच. त्याने माफी मागितली. वय लहान होतं, तेव्हा फार कठीण दिवस होते, लाज वाटते, असं लिहिलं. कोणी ऐकून घेतलं नाही. त्याने आत्महत्या करावी अशी मागणी करणारी याचिकासुद्धा इंटरनेटवर निघाली. एका बावीस वर्षांच्या मुलासाठी! ८ सप्टेंबरला त्याने ग्रुप सोडल्याचं जाहीर केलं आणि त्याच दिवशी तो सिॲटलच्या विमानात बसला.

आगीची ठिणगी पडल्यापासून विमानापर्यंत चार-पाच दिवस. आपल्याकडे सत्यनारायणाची तारीख ठरवायलाही याहून जास्त वेळ लागतो.

कोरियन लोकांची बाजू मला कळत नाही असं नाही. त्यांना आधी एक जखम झालेली होती. यू संग-जून हा कॅलिफोर्नियात वाढलेला गायक नव्वदच्या दशकाच्या शेवटी प्रचंड लोकप्रिय होता. सक्तीच्या लष्करी सेवेला जाणार असं त्याने जाहीरपणे सांगितलं होतं, आणि २००२ मध्ये त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं. ज्या घरांतली मुलं निमूटपणे सैन्यात जात होती त्यांना हा दगा वाटला. सरकारने त्याला देशात यायची बंदी केली. पुढे कोर्टात निकाल त्याच्या बाजूने लागूनही त्याला व्हिसा मिळालेला नाही. परदेशातून आलेला मुलगा इथे पैसा कमावतो आणि वेळ आली की अमेरिकेचा निळा पासपोर्ट दाखवून निघून जातो, हा सल तिथे होताच. जे-बॉमच्या ओळी नेमक्या त्या सलावर पडल्या.

पण माझा राग त्या चिडलेल्या लोकांवर कमी आणि या धंद्यावर जास्त आहे. या परदेशी वाढलेल्या मुलांना बोलावलं कोणी? कोरियन कंपन्यांनीच. जुने ग्रुप घ्या. एच.ओ.टी.चा टोनी आन लॉस एंजेलिसहून आणलेला. एस.ई.एस.ची यूजीन ग्वाममध्ये वाढलेली. फ्लाय टू द स्काय मधला ब्रायन न्यू जर्सीचा. खुद्द टूपीएममध्ये निचखुन हा कॅलिफोर्नियात जन्मलेला थाई मुलगा आणि टेक-यॉन मॅसॅच्युसेट्समध्ये राहून आलेला. का आणायचे? कारण त्यांचं इंग्रजी अस्सल, हिप-हॉप त्यांच्या अंगात मुरलेलं, चालण्या-बोलण्यात एक बेफिकिरी. हे सगळं परकेपण कंपनीला हवं होतं, ते विकलं जात होतं. त्याच परकेपणाच्या पोटात घरची आठवण असते, चिडचिड असते, रात्री बाराला जुन्या मित्राला लिहिलेल्या दोन वेड्यावाकड्या ओळी असतात. त्या बाहेर आल्या की मात्र मुलगा एकटा! पुढे टेक-यॉनने अमेरिकेतलं कायम वास्तव्य सोडलं, सैन्यात जाता यावं म्हणून पाठीची शस्त्रक्रिया करून घेतली आणि २०१७ मध्ये भरती झाला. त्याचं कौतुक झालं, व्हायलाच हवं. पण आपण इथले आहोत हे सिद्ध करायला माणसाला ऑपरेशन टेबलपर्यंत जावं लागतं, हे वाचून मला बरं वाटलं नव्हतं.

नोव्हेंबरमध्ये टूपीएमचा पहिला पूर्ण अल्बम आला. नाव होतं '०१:५९ पीएम'. दोनला एक मिनिट कमी. मी त्याचा अर्थ एकच लावते. सोलमध्ये चाहत्यांनी कंपनीच्या इमारतीसमोर मूक निदर्शनं केली होती, त्याला परत आणा म्हणून चिठ्ठ्या चिकटवल्या होत्या. पण २०१० च्या फेब्रुवारीत कंपनीने त्याचा करारच संपवला. त्याच्या खासगी आयुष्यातली गंभीर चूक, असं कारण दिलं. काय चूक, ते सांगितलं नाही. मला हे फार लागलं होतं. आरोप सांगायचा नाही आणि शिक्षा मात्र चौकात द्यायची, हा कुठला न्याय?

तो तेव्हा सिॲटलमध्ये टायरच्या दुकानात काम करत होता. कालपर्यंत ज्याच्यासाठी स्टेडियम किंचाळत होतं तो मुलगा गाड्यांची चाकं उतरवत होता. एओएमचे जुने मित्र मात्र तिथेच होते. त्याचे हात काळे झाले म्हणून त्यांच्या वागण्यात फरक पडला नाही.

मार्चमध्ये त्याने यूट्यूबवर एक व्हिडिओ टाकला. बी.ओ.बी. या अमेरिकन रॅपरचं गाणं, जे-बॉमच्या आवाजात. कंपनी नाही, मेकअप नाही, मागे नाचणारी मुलं नाहीत. बघता बघता लाखो लोकांनी तो पाहिला. जूनमध्ये एका सिनेमाच्या निमित्ताने तो सोलला परतला. जुलैमध्ये त्याची पहिली सोलो सीडी आली. तिच्या कोरियन नावाचा अर्थ आहे, 'विश्वास ठेवशील का?'

याच्या पुढचं मुलींना माहीत होतं, मी भराभर सांगून टाकलं. २०१३ मध्ये त्याने स्वतःची कंपनी काढली, एओएमजी. नाव बघा, पहिली तीन अक्षरं सिॲटलच्या त्या पोरांची. २०१७ मध्ये त्याच ग्रुपमधल्या चा चा मलोनबरोबर हायर म्युझिक ही दुसरी कंपनी काढली, तिच्यात सोलची मुलं आणि सिॲटलचे रॅपर एका छताखाली आणले. त्याच वर्षी कोरियन म्युझिक अवॉर्ड्समध्ये 'म्युझिशियन ऑफ द इयर' मिळालं आणि अमेरिकन रॅपर जे-झीच्या रॉक नेशन या कंपनीने त्याला करारबद्ध केलं. २०२१ च्या शेवटच्या दिवशी दोन्ही कंपन्यांची खुर्ची सोडून तो मोकळा झाला. सोजू त्याच्या नंतरचा, २०२२ चा.

त्याचं सगळंच मला पटतं असं नाही. कृष्णवर्णीयांसारख्या जटा ठेवल्या म्हणून त्याच्यावर टीका झाली, ती रास्त होती असं माझं मत आहे. ज्याला स्वतःला परकं ठरवल्याचं दुःख माहीत आहे, त्याने दुसऱ्याच्या ओळखीला हात लावताना दहादा विचार करायला हवा होता. पण माणूस बारा वर्षं खपून दोन शहरांच्या मध्ये एक ओटा बांधतो आणि त्यावर पोरांना बसायला जागा देतो, हे मी मानते. प्रेम परत द्या म्हणून तो कोणाच्या दारात हात पसरून उभा राहिला नाही.

२०२३ च्या फेब्रुवारीत केबीएस या सरकारी वाहिनीने रात्रीचा नवा संगीत कार्यक्रम सुरू केला आणि पहिला सूत्रसंचालक म्हणून त्याला बसवलं. मी ते भाग सबटायटल्स लावून पाहिले. समोर पाहुणा आला की तो उठून वाकायचा. मला कोरियन फारशी येत नाही, पण आदराची शेपटं आता कानाला कळतात. तो ती सगळी लावत होता. मी रडले. लेक म्हणाली, "आई, तो नुसतं 'या, बसा' म्हणतोय!"

त्या रविवारी सगळं ऐकून झाल्यावर 'सोजूवाला' म्हणणाऱ्या मुलीनेच फोनवर २०१० चा तो व्हिडिओ शोधून काढला. चारही डोकी एका फोनवर वाकली. बराच वेळ कोणी बोललं नाही. मग ती हळूच म्हणाली, "काकू, हा तर घरातच बसलाय."