प्राणहितेवरचा अर्धवट राहिलेला जलमार्ग
कालव्यांतील नौकानयनाच्या इतिहासावरील तुमचा लेख आवडला. मात्र विदर्भात व्यापारी जलवाहतुकीचा विचारच झाला नाही, हे त्यातील विधान मला पटले नाही. गोदावरीवर धवळेश्वरमचे धरण बांधणारे ब्रिटिश अभियंता आर्थर कॉटन यांच्या आग्रहामुळे, वऱ्हाड-नागपूरकडील कापूस वर्धा, प्राणहिता आणि गोदावरी या नद्यांमधून पूर्व किनाऱ्यावर न्यावा, अशी योजना एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास हाती घेण्यात आली होती. गोदावरीवरील दुम्मागुडेम व इंचमपल्ली आणि प्राणहितेवरील, आमच्या अहेरी तालुक्यातील (जि. गडचिरोली) देवलमरी येथील खडकाळ पट्टे हे तिच्यातील तीन मोठे अडथळे होते. ते टाळण्यासाठी बाजूने कालवे खोदायचे आणि दोन दरवाजांमधील पाणी चढवून-उतरवून नावा पुढे न्यायच्या, अशी रचना होती. परंतु उन्हाळ्यात नदीत डोंगा (लहान होडी) ढकलत नेण्याइतकेच पाणी उरते (हे नदीकाठच्या कोणत्याही ढिवराने, म्हणजे मासेमाराने, सांगितले असते!), शिवाय 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली आणि कापसाला मुंबईची जवळची वाट मिळाली. अखेर 1871 मध्ये काम थांबवण्यात आले. लेखात इंग्लंडमधील 1761 च्या ब्रिजवॉटर कालव्याला एवढी जागा दिली आहे, तर देवलमरीला निदान एक परिच्छेद मिळायला हवा होता.