हरणांचं वावर

मुलीच्या बापाने व्याह्याला ‘नाही’ म्हणायचं नसतं. यवतमाळातला हा नियम अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनातही चालतो. तिथले व्याही सहा फूट दोन इंच असल्यामुळे जरा जास्तच चालतो.

आमचे व्याही म्हणजे देवमाणूस. पण त्यांच्याकडे चाळीस एकर रान आहे. ओक, मेपल, थोडी दलदल, मधून एक ओढा, आणि झाडं तोडून मोकळ्या केलेल्या दोन-तीन जागा. त्या रानात ते राहत नाहीत, तिथे काही पिकवून विकतही नाहीत. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या सणाआधीच्या शनिवारी विस्कॉन्सिनात हरणांच्या शिकारीचा बंदुकीचा हंगाम उघडतो, तो नऊ दिवस चालतो. त्या नऊ दिवसांसाठी हा माणूस उरलेलं वर्षभर हरणांसाठी शेती करतो. तिकडे त्याला फूड प्लॉट म्हणतात. हरणांनी यावं, पोटभर खावं, चार नातेवाइकांना घेऊन यावं आणि एका ठरावीक शनिवारी सकाळी अंगाची आडवी बाजू दाखवून उभं राहावं, एवढीच माफक अपेक्षा.

आम्ही मुलीकडे सहा महिन्यांसाठी गेलो होतो. जावईबापूंनी कौतुकाने वडिलांना सांगून ठेवलं होतं की बाबा शेतकरी घराण्यातले. ते खरंच आहे. फक्त शेती दादा करतो. मी आयुष्यभर बँकेत बसून पीककर्जाचे कागद इकडून तिकडे हलवले. पण व्याह्यांनी विमानतळावरच माझा हात हातात घेऊन विचारलं, “क्लोव्हर आधी की ब्रॅसिका?” क्लोव्हर हा तिपानी चारा आणि ब्रॅसिका म्हणजे मोहरी-मुळ्याचं कुळ, हे मला नंतर कळलं. मी गंभीर चेहऱ्याने म्हणालो, “जमिनीवर अवलंबून आहे.” त्या एका वाक्यावर माझी नेमणूक झाली.

आमच्या घराण्याचा हरणांशी संबंध पिढ्यान्‌पिढ्यांचा, पण नेमका उलट्या दिशेचा. वडील ज्वारी हुरड्यावर आली की रात्री जागलीला जात. चार बल्ल्या, वर पऱ्हाट्या आणि तुराट्या पसरलेल्या, एक घोंगडी, हाताशी गोफण आणि वाजवायला डालड्याचा डबा. आता दादा वावराच्या चारी बाजूंनी वहिनींच्या जुन्या साड्या बांधतो, सोलरचं झटका मशीन लावतो. तरी रोही, म्हणजे नीलगाय, यायचा तो येतोच, आणि रोही नाही आला तर रानडुक्कर येतं. मग फोटो, सातबारा, अर्ज, वनरक्षकाची वाट, पंचनामा. दादाला फोनवर सांगितलं की इकडे हरणांना बोलवायला पेरणी करतात. बराच वेळ काही आवाजच आला नाही. मग म्हणाला, “हरणाले बलावासाठी पेरते? मंग आमचे रोही घेऊन जा म्हना. फुकट देतो. गाडीभाडंबी मीच भरतो.”

व्याह्यांची शेती मातीपासून सुरू झाली. प्लास्टिकच्या बादलीत ठिकठिकाणची माती गोळा करायची, मिसळायची, सुकवायची आणि विद्यापीठाच्या प्रयोगशाळेत पाठवायची. अहवाल आला, पीएच 5.4, म्हणजे माती आम्लधर्मी. व्याही घरात एखाद्याचा रिपोर्ट वाईट यावा तसे सोफ्यावर बसून राहिले. क्लोव्हरला साडेसहा लागतो. सलगमला साडेसहा चालतो. मग चुना. एकरी दोन टन. आमच्याकडे यवतमाळच्या काळ्या मातीत चुनखडीचे खडे इतके की वखर घातला की वर येतात, आणि इथे हा माणूस चुना विकत आणून रानात टाकतो. चुन्याचा ट्रक त्या रानवाटेने आत जाईना, म्हणून पोती. एक पोतं चाळीस पौंडांचं, म्हणजे अठरा किलोचं. एकराला शंभर पोती. आमचा प्लॉट अर्ध्या एकराचा, तेव्हा पन्नास.

इथे मुलीच्या बापाचा नियम पुन्हा आडवा आला. व्याही दोन्ही खांद्यांवर एकेक पोतं घेऊन निघाले. मी एक पोतं पोटाशी धरून, पाय फाकवून, मागोमाग. मधेच थांबून मी खाली वाकून मातीचं ढेकूळ उचलायचो, बोटांत चुरगाळायचो आणि मान हलवायचो. दम खायला यापेक्षा प्रतिष्ठित मार्ग मला अजून सापडलेला नाही. व्याहीही थांबायचे आणि आदराने विचारायचे, “काय वाटतं?” मी म्हणायचो, “ओल बरी आहे.”

वर गोचिडांची भीती. आमच्याकडे गोचीड बैलाला लागते. इथली माणसालाही लागते आणि लाइम नावाचा रोग देऊन जाते. म्हणून पँट मोज्यांत खोचायची, अंगावर औषध मारायचं आणि घरी आल्यावर विहीणबाई दारातच थांबवून कपड्यांवरून चिकट रूळ फिरवणार. विहीणबाई आपल्या अंगावरून रूळ फिरवताहेत आणि आपण हात वर करून उभे, हे दृश्य यवतमाळात सांगण्यासारखं नाही. मी सांगितलं नाही. हिने सांगितलं.

मी एकदा धीर करून विचारलं, एवढं करण्यापेक्षा मक्याची चार पोती आणून सरळ ओतली तर? व्याह्यांनी इकडेतिकडे पाहिलं. ते बेकायदेशीर आहे म्हणे. 2002 साली विस्कॉन्सिनातल्या हरणांत क्रॉनिक वेस्टिंग डिसीज सापडला. जनावर झिजत झिजत मरतं, औषध नाही. ढिगावर सगळी तोंडाला तोंड लावून खातात आणि रोग पसरतो, म्हणून जिथे हा रोग आहे त्या भागात दाणे ओतायला बंदी. पण तेच जमिनीतून उगवून आलं असेल तर कायद्याचं काही म्हणणं नाही. सरकारी तर्कशास्त्र जगभर सारखंच, या विचाराने मला परक्या देशात प्रथमच घरी असल्यासारखं वाटलं.

पुढची गंमत तर दादाला अजून पटलेली नाही. व्याह्यांच्या बांधाला लागून एकाचं मक्याचं शेत आहे. हरणांनी मका खाल्ला की त्याला राज्याकडून भरपाई मिळते. ते पैसे येतात शिकाऱ्यांच्या परवान्याच्या शुल्कातून. म्हणजे आमचे व्याही बांधाच्या या बाजूला हरणांना स्वतःच्या पैशाने जेवू घालतात आणि त्या बाजूला त्यांनी जे खाल्लं त्याच्या बिलातही वाटा उचलतात. दादा म्हणाला, “असा एक मानूस आमच्या तालुक्यात पाठव.”

बियाण्यांचा कॅटलॉग मात्र वाचण्यासारखा असतो. रात्री जेवण झाल्यावर व्याही तो माझ्यापुढे ठेवत आणि मी चष्मा लावून पानं उलटत असे. लॅबलॅब म्हणून झोकात छापलेलं चित्र पाहिलं तर चक्क वाल! कोकणातली माणसं ज्याच्या बिरड्यासाठी जीव टाकतात ते वाल, हरणांसाठी, पोत्याच्या भावाने. पुढच्या पानावर चवळी. त्याच्या पुढे ताग, जो आमच्याकडे फुलावर आला की गाडून टाकतात. टपोऱ्या अक्षरांत पांढरा मुळा, ‘हरणांची पहिली पसंती’. आणि व्याह्यांच्या प्लॉटच्या कडेने दहा-बारा फूट उंच उभी होती ती इजिप्शियन व्हीट. हिने कणसाला हात लावला आणि ओरडली, “अवो, ही ज्वारी आहे!” खरंच ज्वारीची जात. खाण्यासाठी नव्हे, आडोशासाठी. शिकारी मचाणाकडे जाताना हरणांना दिसू नये म्हणून लावलेला पडदा. ज्या ज्वारीला हरणांपासून वाचवायला माझ्या बापाने अर्ध्या रात्री जागून काढल्या ती इथे माणसाला हरणांपासून लपवत होती.

बाजूला सोयाबीनचा एक तुकडा होता आणि त्याच्याभोवती विजेचं कुंपण. झटका मशीन! मला भरून आलं. म्हटलं, चला, एक तरी गोष्ट ओळखीची निघाली. पण हे कुंपण हरणांना कायमचं बाहेर ठेवायला नव्हतं. कोवळं असताना खाल्लं तर हंगामात काय उरणार, म्हणून तोवर कुंपण. नोव्हेंबरात तार काढायची. नैवेद्य दाखवल्याशिवाय ताटाला हात लावायचा नाही, तसा प्रकार. फक्त इथे पाहुणा आणि बळी एकच.

ऑगस्टच्या सुरुवातीला ब्रॅसिका पेरली. सलगम, मुळा, रेप. बी मोहरीएवढं, एकरी पाचेक पौंड पुरे. गळ्यात पिशवी अडकवायची, हँडल फिरवायचं आणि चालायचं, की बी चहूकडे उडतं. व्याह्यांचं बी दर वेळी अर्ध्यातच संपायचं आणि दाट पडलेल्या जागी रोपं एकमेकांना दाबून टाकायची. इथे मी प्रथमच काहीतरी खरं बोललो. आमच्याकडे तीळ पेरताना बारीक रेती मिसळतात, असं सांगितलं. पीककर्जाच्या अर्जासोबत लोक गप्पा मारतात, त्यातलं डोक्यात राहिलेलं. व्याह्यांनी रेती मिसळली आणि बी शेवटच्या टोकापर्यंत पुरलं. दोन दिवसांनी पाऊस पडला आणि आठवड्यात सगळं हिरवंगार. माझा भाव इतका वधारला की व्याह्यांनी त्यांच्या शिकारी मित्रांना जेवायला बोलावून मला टेबलाच्या मुख्य खुर्चीत बसवलं. एकाने खिशातून मातीची पुडी काढली. मी ती बोटांत चुरगाळली आणि मान हलवली.

प्लॉटच्या मधोमध व्याह्यांनी जाळीचा एक गोल पिंजरा ठोकला, कमरेएवढा. आतलं पीक हरणांना खाता येत नाही, तेव्हा आतलं किती वाढलं आणि बाहेरचं किती उरलं हे ताडून हरणांनी किती खाल्लं ते कळतं. झाडाला कॅमेरा. कुणी समोरून गेलं की फोटो निघतो आणि तो व्याह्यांच्या फोनवर येतो. खाली वेळ, तापमान आणि चंद्राची कलासुद्धा. आमच्या पंचांगवाल्यांना हे यंत्र दाखवायला हवं.

आणि हरणं येईनात. म्हणजे येत, पण प्लॉटमधून आरपार चालत पलीकडे ओकच्या झाडांखाली जात. त्या वर्षी एकॉर्न्स, म्हणजे ओकची फळं, भरपूर पडली होती, आणि ती पडली की हरणं दुसऱ्या कशाकडे बघत नाहीत. शिवाय ब्रॅसिकाची पानं दहिवर कडक पडल्याशिवाय त्यांना आवडत नाहीत. थंडीने पानात साखर वाढते, मग गोड लागतात. व्याही फोनवर फोटो बघत बसत. एक हरीण तर सलगमवर पाय देऊन ओकच्या दिशेने मान वर करून उभं होतं. “एवढ्या पैशांत गाय आली असती,” विहीणबाई म्हणाल्या. हे वाक्य त्या दर वर्षी म्हणतात, असं जावईबापूंनी सांगितलं.

ऑक्टोबरात एके दिवशी व्याही रानातून आले ते गोंधळलेले. पूर्ण प्लॉट शाबूत, एक पान कमी नाही. पण पिंजऱ्यातली झाडं कुरतडलेली. जिथे कुणी जाऊ शकत नाही नेमकं तिथलंच संपलेलं! त्यांना झोप येईना. रॅकून असेल का? रॅकूनला हात असतात. ससा? ससा जाळीवर चढत नाही. कुणी जमिनीखालून बोगदा केला का, म्हणून त्यांनी गुडघ्यांवर बसून मातीत हात घातला. माझं मत विचारलं. मी पिंजऱ्यात वाकून पाहिलं. मुळ्याची पानं देठाशी स्वच्छ खुडलेली होती, एकेका रोपाची बाहेरची पानं घेऊन गाभा सोडलेला, पुन्हा फुटावं म्हणून. इतका समंजस रॅकून मी ओळखत होतो. घरी गेल्या आठवड्यापासून डाळ घातलेली मुळ्याच्या पाल्याची भाजी होतच होती, आणि विहीणबाईंनी दोनदा वाढून घेतली होती.

मी म्हणालो, “ओल बरी आहे.”

रात्री हिला विचारलं, एवढं अर्धा एकर मोकळं पडलेलं असताना पिंजऱ्यात कशाला? ही म्हणाली, “बाहेरच्यावरून हरणं चालत जातात. लेंड्या पडलेल्या असतात. आतलं स्वच्छ असतं.” तोवर उशीर झाला होता. व्याह्यांनी कॅमेरा काढून पिंजऱ्यावर रोखला होता.

रविवारच्या जेवणाला सगळे होते. मुलगी, जावई, विहीणबाई, दोन मित्र, त्यांच्या बायका. व्याह्यांनी फोन टेबलाच्या मध्यभागी ठेवला. दुपारचे 4:17, अठ्ठेचाळीस अंश फॅरनहाइट, वाढता चंद्र. अंगात विहीणबाईंनीच दिलेलं गुलाबी जॅकीट. 2016 पासून विस्कॉन्सिनात शिकाऱ्यांना केशरीऐवजी झगझगीत गुलाबीही चालतो, आणि तो किती लांबून दिसतो याची त्या दिवशी खात्री पटली. पिंजरा उचलून बाजूला ठेवलेला, हातात किराणा दुकानाची पिशवी, आणि ही थेट कॅमेऱ्याकडे बघत पदर नसताना पदर सावरते आहे.

कुणी काही बोललं नाही. एका मित्राने फक्त विचारलं, किती अंतरावरून घेतलाय. मुलगी टेबलाखाली बघत होती. व्याह्यांनी ताटातली भाजी बघितली, फोन बघितला, पुन्हा भाजी बघितली आणि पानावर आणखी वाढून घेतली.

मग खिशातून वही काढून ते माझ्याकडे वळले. पुढच्या वर्षी ओढ्याकडचा चौथाई एकर त्यांच्या विहीणबाईंच्या, म्हणजे हिच्या नावाने, कुंपणासकट. काय लावायचं? हिने विचार न करता सांगितलं, मेथी. व्याह्यांनी लिहून घेतलं आणि पेन्सिल कानामागे ठेवून तज्ज्ञाला विचारलं, “मेथीला पीएच किती लागतो?”

मी पाण्याचा घोट घेतला आणि म्हणालो, “साडेसहा.”