खुलासा : लपून बसलेल्या मांजराला उपाशी ठेवू नका
मुंबईतल्या मांजरप्रेमींच्या व्हॉट्सॲप ग्रुपांवर मेसेज फिरतोय : ‘उपचारानंतर बुजलेलं मांजर दोन दिवस उपाशी ठेवा, आपोआप मांडीवर येईल.’ हे जिवावर बेतू शकतं. खाणं सुटलं की अंगातली चरबी यकृतात साचू लागते, जाड मांजरांत जास्तच. 24 तासांत काहीच खाल्लं नाही, तर लगेच डॉक्टरांना फोन करा.

वन रूम किचनमध्येही पलंगाखालचा एक कोपरा त्याचाच राहू द्या. तिथून ओढून काढू नका. वाटी ठरल्या वेळी, कोपऱ्यालगत. नीट खाल्लं तरच दुसऱ्या दिवशी वीतभर पुढे. औषध रोजच्या वाटीत मिसळू नका; कडू लागलं की ते वाटीच टाळतं. जमल्यास औषध एकाने द्यावं, खाणं दुसऱ्याने.

कृपया तो मेसेज पुढे पाठवू नका. जिथे आलाय, तिथे हा खुलासा टाका.